चालतां न येणाऱ्या मनुष्याचें काम

आमच्या मंडळ्यांत कोणाचा पाय मोडला, मुरगळला किंवा कापला म्हणजे भेटीस येणारा मनुष्य बहुधा दोन गोष्टी सांगून जातो. पहिली ही कीं, मन खचूं देऊं नका. दुसरी ही कीं, अगदींच पडून राहूं नका, कांहींतरी करीत राहा. हा उपदेश देणाऱ्यास कांहींच खर्च नसल्यामुळें तो मुबलक मिळतो. तो खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आनंदी राहणें हें दुखणाईताचें कर्तव्य आहे काय, आणि असल्यास तें कोणत्या प्रकारचें, ह्याचा विचार करणारा क्वचितच आढळतो. हा प्रश्न आज वाचकांपुढें मांडावा असें आमच्या मनांत आहे.

शहरांत कचेरींत बसणाऱ्या मनुष्याचा पाय मोडला, तर त्याची खुर्ची व त्याचा पगार बहुधा जाग्यावर असतो. खेड्यांत तसें नाहीं. आमचा सुवार्तिक वाडी-वाडीस पायीं जातो, तेव्हां त्याची सेवा होते. कोळीण डोक्यावर पाटी घेऊन चार आळ्या फिरते, तेव्हां तिच्या घरीं चूल पेटते. भात लावणारी बाई सबंध दिवस चिखलांत उभी असते. पोफळीवर चढणाऱ्या गड्याचें तर सर्व जीवित त्याच्या पावलांच्या पकडींत असतें. श्रीवर्धनची रोठा सुपारी लोक मोठ्या आवडीनें घेतात, पण ती झाडावरून खालीं कशी येते ह्याचा विचार अडकित्ता हातीं धरणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं. मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें असतात. दोहोंचीं मिळून ५२, म्हणजे सर्व शरीरांतील हाडांचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांतील बोटाएवढें एक हाड मोडलें कीं, सबंध घर अडतें.

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, सावित्री नदी समुद्रास मिळते तेथें, हरिहरेश्वर हें गांव आहे. तेथील देवालयामुळें त्यास दक्षिणकाशी म्हणतात. देवालयाच्या मागें टेंकडीवरून एक वाट जाते. ती पुढें दोन उंच कड्यांमधील अरुंद फटींतून दगडी पायऱ्यांनीं थेट समुद्राच्या कांठीं उतरते. खालीं लाटांनीं झिजून सपाट झालेला काळा खडक आहे, व कड्यांस मधाच्या पोळ्याप्रमाणें भोंकें पडलेलीं आहेत. ही वाट ओहोटीच्या वेळींच चालावयाची असते. भरतींत किंवा पावसाळ्यांत तेथें जाणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें, हें तेथील लहान पोरेंही सांगतात. गेल्या मार्गशीर्षांत त्या बाजूस आमचें जाणें झालें असतां, आम्ही भाविक म्हणून नव्हे तर समुद्र पाहावा म्हणून, भर ओहोटींत त्या पायऱ्या उतरलों. शेवटच्या पायरीवर आमचा उजवा पाय वळला आणि करंगळीमागचें लांब हाड मोडलें. गांवांतील दोन तरुणांनीं एकमेकांचे हात धरून त्यांचें आसन केलें, आम्हांस त्यावर बसविलें, व तितक्या सर्व पायऱ्या चढून रस्त्यापर्यंत नेऊन सोडलें. आम्ही कोण, कोणत्या धर्माचे, हें त्यांनीं विचारलें नाहीं. आमचें वजन मात्र त्यांनीं हंसत हंसत दोनदां विचारलें!

पुढें सहा आठवडे पाय प्लास्टरमध्यें होता. वेदना पहिल्या पांच-सहा दिवसांत पुष्कळ कमी झाली. जी कमी झाली नाहीं ती निराळीच होती. पाण्याचा तांब्या दुसऱ्यानें आणून द्यावा; अंगणांतून कोणी हांक मारली तर उठतां येऊं नये; रविवारीं मंडळी जमली असतां आपण खाटेवरून गीतांचा आवाज तेवढा ऐकावा. आतां आपला उपयोग काय, हा विचार दुपारच्या वेळीं फार त्रास देई. आम्हांस वाटतें, पाय मोडलेल्या बहुतेक कष्टाळू माणसांचें खरें दुखणें हेंच असतें. आळशी मनुष्यास तें होत नाहीं. तो बिचारा सुखी असतो.

ह्या विचाराची थोडी झडती घेतली पाहिजे. मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून ठरते असें आपणांस कोणी शिकविलें? बाजारानें शिकविलें. मजुरी मोजून देणारा मालक पाय मोडलेल्या गड्यास किंमत देत नाहीं, आणि तोच हिशेब आपण नकळत स्वतःस लावूं लागतों. मफीबोशेथाची गोष्ट आमच्या शाळेंतील मुलांस ठाऊक आहे. तो पांच वर्षांचा असतां दाई त्यास घेऊन घाईनें पळूं लागली, तो पडला व दोन्ही पायांनीं पांगळा झाला. पुढें दावीद राजानें त्यास शोधून काढून आपल्या पंक्तीस जेवावयास बसविलें, तें तो कांहीं कामाचा होता म्हणून नव्हे. तर त्याचा बाप योनाथान ह्यावर राजाची प्रीति होती म्हणून. त्या पंक्तीस बसणें हें मफीबोशेथास लढाईवर जाण्याहून कठीण वाटलें असेल. देणाऱ्याच्या जागीं बसण्याची संवय झालेल्यास घेणाऱ्याच्या जागीं बसणें जड जातें. पण जो कधीं घेऊं शकत नाहीं, त्याच्या देण्यांतही थोडासा तोरा असतो, असें आमचें मत आहे.

आतां वेदनेविषयीं. पुष्कळ लोक समजतात कीं, वेदनेकडे लक्ष न देणें म्हणजे धैर्य. "कांहीं होत नाहीं," असें म्हणून लंगडत शेतावर जाणाऱ्याची गांवांत वाहवा होते. ह्या समजुतीस उत्तर द्यावयाचें तर डॉ. पॉल ब्रँड ह्यांच्या कामासारखें दुसरें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. हे गृहस्थ १९१४ सालीं मिशनरी आईबापांच्या पोटीं दक्षिणेंतील कोल्ली डोंगरांत जन्मले, लंडनमध्यें शस्त्रवैद्य झाले, आणि १९४६ सालीं वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. तेथें त्यांनीं कुष्ठरोग्यांचे हातपाय बारकाईनें पाहिले. रोगानेंच बोटें सडून गळतात असें तोंपर्यंत बहुतेक वैद्यही मानीत. ब्रँड ह्यांस दिसून आलें कीं, रोग मज्जातंतूंस मारतो, त्यामुळें वेदना नाहींशी होते, आणि मग मनुष्य स्वतःच आपले अवयव नकळत झिजवून टाकतो. चुलींतील भांडें उघड्या हातानें उचलतो. चपलेंतील खिळा दिवसभर टोंचत असतां चालत राहतो. घोट्यास इजा झाली तरी लंगडत नाहीं. निजलेल्या रोग्यांचीं बोटें रात्रीं उंदीर कुरतडून जात व त्यांस जाग येत नसे, हेंही उघडकीस आलें. तेव्हां उपचारांत मांजरें पाळण्याचाही समावेश झाला! पायांस जखमा असलेल्यांस ब्रँड प्लास्टर घालीत, आणि बरे झाल्यावर मऊ रबराच्या तळाच्या चपला देत. म्हणजे ज्या पायास स्वतःची राखण करतां येत नव्हती, त्याची राखण बाहेरून करावयाची.

त्यांच्याच आयुष्यांतील एक रात्र त्यांनीं पुढें अनेकदां सांगितली. लांबचा प्रवास करून ते इंग्लंडांत उतरले. अंगीं कसर होती. रात्रीं मोजे काढतांना टांचेस स्पर्शच कळेना. सुई टोंचून पाहिली; वेदना नाहीं. इतकीं वर्षें कुष्ठरोग्यांत काम केलेल्या मनुष्याच्या मनांत काय आलें असेल हें सांगावयास नको. सर्व रात्र त्यांनीं आपलें उरलेलें आयुष्य डोळ्यांपुढें आणून काढली. सकाळीं पुन्हां सुई टोंचली, आणि ते मोठ्यानें ओरडले. दुखलें! रात्रींची ती बधिरता आगगाडींत एकाच बैठकींत फार वेळ बसल्यामुळें आलेली होती. त्या दिवसापासून आपण वेदनेबद्दल आभार मानूं लागलों, असें ते सांगत. २००३ सालीं ते वारले.

दुखणारा पाय हा पहारेकरी असलेला पाय होय. म्हणून जो उल्हास वेदनेचें तोंड दाबून टाकतो तो उल्हास नव्हे; त्यास आम्ही हट्ट म्हणूं. आणि हें केवळ कुष्ठरोग्यांपुरतें नाहीं. आज आपल्या खेड्यांतही मधुमेह घरोघर शिरला आहे. त्यांतही पायांची संवेदना हळूहळू कमी होते, आणि टांचेची लहानशी जखम न दुखतां हाडापर्यंत जाते. ज्यांस हा विकार आहे त्यांनीं रोज रात्रीं दिव्याजवळ बसून तळपाय पाहावे. वांकतां येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवंडास पाहावयास सांगावें. खडकावरचीं कालवें फोडतांना पाय कापला तर तो स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावी. हळद भरून फडकें बांधलें म्हणजे झालें असें समजूं नये.

मग मुळींच हलूं नये कीं काय? तेंही नव्हे. मोडलेल्या हाडाभोवतीं प्रथम रक्त सांकळतें. दोन-तीन आठवड्यांत तेथें मऊ सांधा धरतो. पुढें त्यांत चुन्याचे क्षार भरून तो कठीण होतो. पावलाच्या हाडास एवढें होण्यास बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तो सांधा पूर्ववत् घडला जाण्यास आणखी कित्येक महिने. ह्या घडण्यास भार लागतो. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते, असें जर्मन शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ ह्यांनीं १८९२ सालीं प्रसिद्ध केलें, व तें आजही मानलें जातें. भार लवकर पडला तर सांधा हलतो. कधींच पडला नाहीं तर हाड निर्बळ राहतें व पोटऱ्यांचे स्नायु वाळतात. हरिहरेश्वरच्या त्या वाटेवर जाणारा मनुष्य ओहोटी होईपर्यंत वर थांबतो, त्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं; आणि ओहोटी झाल्यावरही जो वरच बसून राहतो, तो पलीकडे जात नाहीं. वेळ कोणती हें ठरविण्याचें काम डॉक्टराचें आहे. शेजाऱ्याचें नाहीं, आणि आपल्या कंटाळ्याचें तर मुळींच नाहीं.

तोंपर्यंत शरीराचा जो भाग धड आहे त्यास काम द्यावें. निजल्या निजल्या मांडी सरळ ठेवून पाय वर उचलावा, प्लास्टरच्या बाहेरचीं बोटें हलवीत राहावें, हातांनीं उशापायथ्याच्या बाजूस धरून अंग उचलावें. पाय उशीवर, छातीहून उंच ठेवला म्हणजे सूज उतरते. बोटें निळीं किंवा थंड पडलीं, बधिर झालीं, अथवा प्लास्टर आंतून फार आवळूं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं धाप लागली तरीही तसेंच. कुबड्यांचा भार हातांवर घ्यावा, काखेंत नव्हे. पायरी चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा आधीं. नाचणीची भाकरी, सुकट, डाळ, अंडें हें खावें. तंबाखू व मिश्री सोडावी, कारण त्यांनीं हाड सांधण्यास उशीर लागतो. आमच्या कित्येक भगिनींस हें वाक्य सर्व लेखांत अप्रिय वाटेल, पण तें खरें आहे.

परंतु हातपाय हलविणें म्हणजे सर्व उद्योग नव्हे. खाटेवरच्या मनुष्यास इतरांच्या उपयोगीं पडण्याजोगें कांहीं काम हवें, नाहींतर त्याचे दिवस छताच्या वाशांची मोजदाद करण्यांत जातात. बाबा आमटे ह्यांचें उदाहरण महाराष्ट्रांत सर्वांस माहीत आहे, तरी त्यांतील एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. त्यांचें दुखणें पायाचें नव्हे, पाठीच्या कण्याचें होतें. त्यामुळें त्यांस चालतां येई किंवा निजतां येई, पण बसतां येत नसे. असा मनुष्य १९८५ सालीं कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाला. तरुण मंडळी सायकलींवर, आणि बाबा मोटारींत घातलेल्या बिछान्यावर आडवे. बसतां येत नाहीं म्हणून ते रडत राहिले नाहींत, आणि बसतां येतें असें सोंगही त्यांनीं केलें नाहीं. जें उरलें होतें तेवढ्यावर त्यांनीं काम बेतलें.

१५२१ सालीं स्पेन देशांत पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्यानें इग्नेशियस नांवाच्या शिपाईगड्याचा पाय मोडला. ते आपल्या पंथाचे नव्हत, पुढें तर रोमी मंडळीचे मोठे पुढारी झाले. तथापि चांगली गोष्ट कोठेंही सांपडली तरी घ्यावी. हाड वेडेंवांकडें सांधलें, तें शूर सरदाराच्या बुटांत शोभणार नाहीं म्हणून त्यांनीं पुन्हां कापून घेतलें. इतका त्यांस पायाचा अभिमान! वेळ घालविण्यास त्यांनीं शिलेदारांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. होतीं तीं ख्रिस्तचरित्र व संतांचीं चरित्रें. तीं वाचून अंथरुणावरून उठलेला मनुष्य निराळाच होता. आजारी माणसाच्या उशाशीं कोणतें पुस्तक ठेवावें ह्याचा घरच्यांनीं विचार करावा, एवढेंच आम्ही सुचवितों. दिवसभर मोबाईलवर चित्रें सरकवीत राहणें हा उद्योग नव्हे.

आमच्या खाटेभोवतीं शेजारचीं पांच-सहा मुलें सायंकाळीं पाढे म्हणावयास जमूं लागलीं. शेजारच्या कोळीवाड्यांतील एका वृद्धाचा निवृत्तिवेतनाचा अर्ज आम्हीं भरून दिला. जाळें विणणें, तांदूळ निवडणें, सुपारी सोलणें, टांके घालणें, आजाऱ्यांस दूरध्वनीवरून विचारपूस करणें, ह्यांपैकीं कशासही पाऊल लागत नाहीं. सुवार्तिकाच्या बाबतींत तर एक लाभ असा होतो कीं, एरवीं तो लोकांकडे जातो व आपलें बोलून निघून येतो. आतां लोक त्याच्याकडे येतात, बसतात, आणि त्यास ऐकून घ्यावें लागतें.

ज्यांचा पाय परत येणारच नाहीं त्यांविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मुंबईंत वाढलेली सुधा चंद्रन ही नर्तकी १९८१ सालीं तमिळनाडूंत बसच्या अपघातांत सांपडली. तिचा पाय कापावा लागला. जयपूरचा कृत्रिम पाय लावून ती पुन्हां चालावयास, आणि मग नाचावयास शिकली. १९८४ सालीं ती मुंबईंत रंगभूमीवर उभी राहिली. हा पाय रामचंद्र शर्मा नांवाचे एक कारागीर व डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनीं १९६८ च्या सुमारास तयार केला. विलायती कृत्रिम पायास बूट लागे. हा रबरी पाय घालून अनवाणी चिखलांत जातां येतें, मांडी घालून जेवावयास बसतां येतें. कारागिरानें आपल्या लोकांची बैठक पाहिली होती, म्हणून हें साधलें. पुण्यास १९४४ सालापासून सैन्याचें कृत्रिम अवयव केंद्रही आहे. हें सर्व सांगावयाचें कारण असें कीं, पाय गेलेल्या मनुष्यास आमच्या खेड्यांत अजूनही कोपऱ्यांत बसवून ठेवण्यांत येतें, आणि घरचे लोक त्यास दया समजतात.

येथवर आम्हीं जें लिहिलें तें ज्याच्या घरीं सहा आठवड्यांचें धान्य आहे त्यासाठीं ठीक आहे. ज्याच्या घरीं सहा दिवसांचेंही नाहीं, त्याचें काय? कारखान्यांतील विमेदार कामगारास राज्य कामगार विमा योजनेनें आजारपणांत वर्षास ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेंकडा ७० प्रमाणें भत्ता मिळतो. पोफळीवरून पडलेल्या गड्यास, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईस, होडीवर रोजानें जाणाऱ्या खलाशास असें कांहीं मिळत नाहीं. तो तिसऱ्या आठवड्यांत प्लास्टर भिजवून कामावर जातो, हाड वांकडें सांधतें, आणि जन्मभर लंगडतो. लोक म्हणतात, अडाणी. डॉक्टराचें ऐकलें नाहीं. त्यानें डॉक्टराचें ऐकलें होतें. पोरांच्या रडण्याचेंही ऐकलें. त्याच्यापाशीं जाऊन मन खचूं देऊं नका असें म्हणणें हें आमच्या मतें पाप आहे, जर म्हणणाऱ्याच्या हातांत पिशवी नसेल. हट्टानें लवकर चालणारा व भुकेनें लवकर चालणारा हे बाहेरून एकसारखेच लंगडतात. पण पहिल्याचा दोष त्याचा स्वतःचा, आणि दुसऱ्याचा त्याच्या शेजाऱ्यांचा. विश्रांति ही मजुरास कोणीतरी द्यावी लागते. ती तो स्वतः घेऊं शकत नाहीं.

ह्यास फार मोठा पैसा लागतो असेंही नाहीं. समजा, मंडळींत पंचवीस घरें आहेत. प्रत्येक घरानें आठवड्यास पावशेर तांदूळ वेगळा काढला, तर सव्वासहा शेर होतात. चार माणसांच्या कुटुंबाचा आठवड्याचा भात त्यांत बव्हंशीं निभतो. होडीच्या मालकानें जखमी खलाशाचा अर्धा वांटा सहा आठवडे चालूं ठेवला तर मालक बुडत नाहीं. कोणाचा पाय मोडला तर पंचांनीं त्याच आठवड्यांत बसून तीन गोष्टी ठरवाव्या: धान्य कोण पोंचविणार, पाणी कोण भरणार, व प्लास्टर काढावयाच्या दिवशीं तालुक्याच्या दवाखान्यांत त्यास गाडींतून कोण नेणार. नांवें रविवारीं वाचून दाखवूं नयेत. पिशवी पोंचविणारानें ती दारांत ठेवून लगबगीनें निघून जाऊं नये. आंत जाऊन थोडें बसावें, आणि गडी जाळें विणीत असेल तर दोऱ्याचें दुसरें टोंक धरावें.